टीप कामगाराची, बिल ज्याचे त्याचे: हॉटेलचालकांच्या संघटनांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील हॉटेल, उपाहारगृह आणि परमिट रूम चालकांच्या सर्व संघटनांचे अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य

विषय: ग्राहकाने दिलेली टीप पूर्णपणे कामगारांपर्यंत पोहोचावी आणि एका टेबलाचे बिल वाटून भरण्याची सोय सर्वत्र मिळावी, यासाठी संघटनांनी आपल्या सभासदांना नियम घालून देण्याबाबत.

सस्नेह नमस्कार.

लहान आणि मध्यम हॉटेलांचे हिशेब लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे मला गल्ल्यामागची बाजू रोज दिसते. भाडे, गॅस, तेल आणि पगार भागवताना मालकाची किती ओढाताण होते हे मी वहीतल्या आकड्यांवरून ओळखतो, आणि ज्याला हॉटेल चालवायचे आहे त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. हे पत्र तक्रार म्हणून वाचू नये. मात्र गेल्या काही वर्षांत पैसे देण्याची पद्धत बदलली आणि तिच्यासोबत एक अन्याय आपल्या व्यवसायात शिरला. तो कोणी ठरवून केलेला नाही. पण आता तो सगळ्यांना दिसत असूनही त्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून लिहीत आहे.

दुपारच्या गर्दीत चार जणांचे एक टेबल उठते. बिल 1,840 रुपयांचे झालेले असते. त्यांच्यातला एक जण क्यूआर कोड स्कॅन करतो, 1,900 रुपये टाकतो आणि वेटरला सांगतो, "दादा, वरचे तुम्हाला." गल्ल्यावरचा साउंडबॉक्स 1,900 रुपये मिळाल्याचे सगळ्यांना ऐकू जाईल असे जाहीर करतो. वेटरही ते ऐकतो, मान डोलावतो आणि पुढच्या टेबलावरची ताटे उचलायला जातो. त्याचे 60 रुपये मालकाच्या चालू खात्यात जमा झालेले असतात.

पुढे त्या 60 रुपयांचे काय होते, हे त्या त्या हॉटेलावर अवलंबून आहे. काही मालक गल्ल्यातून तेवढी रोकड तिथल्या तिथे वेटरच्या हातावर ठेवतात, आणि त्यांना मी मनापासून मानतो. काही ठिकाणी रोजची जादा रक्कम एका चिठ्ठीवर टिपली जाते आणि आठवड्याने वाटली जाते. उरलेल्या अनेक ठिकाणी मात्र रात्री बिलांची बेरीज आणि बँकेत आलेली रक्कम यांचा मेळ घालताना जो फरक निघतो, तो "इतर जमा" या खात्यात टाकला जातो किंवा सरळ विक्रीत मिसळला जातो. वेटर विचारायला येत नाही, कारण त्याच्याकडे कागद नसतो. ज्या मालकाने राहायला खोली दिली आहे आणि दोन वेळचे जेवण दिले आहे, त्याच्याशी 60 रुपयांवरून वाद घालणे गावाहून एकट्याने आलेल्या मुलाला परवडणारे नसते.

पूर्वी बडीशेपेच्या बशीत नोट ठेवली जाई आणि ती थेट वेटरच्या खिशात किंवा टीपच्या डब्यात जाई. त्या पद्धतीतही हेवेदावे होते, डब्यातल्या पैशांवरून भांडणे होत, पण पैसा मालकाच्या हातात पडत नसे. यूपीआय 2016 साली सुरू झाले, त्याच वर्षी नोटाबंदी झाली, आणि हळूहळू खिशात सुटे पैसे ठेवण्याची सवयच गेली. आता ग्राहक टीप देतो तेव्हा ती मालकाच्या खात्यातूनच पुढे जाऊ शकते. म्हणून आज मालकावर एक जबाबदारी आली आहे, जी पंधरा वर्षांपूर्वी त्याच्यावर नव्हती.

या जबाबदारीचे स्वरूप काय, हे आपल्या देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने यूपीआयच्या प्रसाराआधीच सांगून ठेवले आहे. आयटीसी कंपनीच्या हॉटेलांत ग्राहक क्रेडिट कार्डाने टीप देत आणि कंपनी ती गोळा करून कामगारांना वाटत असे. ती रक्कम पगार समजून तिच्यावर कंपनीने मुळातून प्राप्तिकर कापायला हवा होता, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते. एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. टीप ग्राहकाने दिलेली असते, नोकरीच्या कराराशी तिचा संबंध नसतो, आणि ती मालकाच्या हाती आली तरी तो ती कामगारांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळत असतो, असा त्या निकालाचा आशय आहे. प्रश्न कराचा होता, पण त्यातून निघालेले तत्त्व प्रत्येक गल्ल्याला लागू पडते. विश्वस्ताने विश्वस्तनिधी स्वतःच्या विक्रीत मिसळायचा नसतो.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर टीप ही हॉटेलची जमा नाही, ते हॉटेलवरचे देणे आहे. ती विक्रीत मिसळण्यात मालकाचेही हित नाही. बँकेत आलेली रक्कम बिलांपेक्षा सतत जास्त दिसली तर कधी ना कधी कर अधिकारी त्या फरकाचे स्पष्टीकरण मागतो, आणि ज्या मालकाने ती विक्री म्हणून दाखवली आहे तो कामगाराच्या पैशावर स्वतः जीएसटी भरत बसतो. वेगळे खाते आणि एक साधी नोंदवही ठेवली तर हे दोन्ही टळते.

बिलावर टक्केवारीने लावल्या जाणाऱ्या सेवा शुल्काच्या वादाने या व्यवसायाची जी नाचक्की झाली, तिचे मूळही माझ्या मते इथेच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सेवा शुल्क बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाखालीही आकारू नये, ग्राहकावर त्याची सक्ती करू नये, ते न देणाऱ्याला प्रवेश नाकारू नये आणि ते बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. देशपातळीवरच्या दोन मोठ्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात तत्त्वांना स्थगिती मिळाली, आणि अखेर 28 मार्च 2025 रोजी न्यायालयाने ती तत्त्वे कायम ठेवून दोन्ही याचिकाकर्त्या संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्च ठोठावला. त्या निकालावर अपील झाले आहे आणि त्याचे जे व्हायचे ते होईल. या सगळ्या वर्षांत संघटनांनी न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत वारंवार सांगितले की सेवा शुल्काचा पैसा कामगारांच्या भल्यासाठीच असतो. तसे असेल तर तो कामगारांना कसा आणि किती वाटला जातो, याचा तक्ता भिंतीवर लावायला अडचण काय होती? असा तक्ता मी तरी एकाही हॉटेलात पाहिलेला नाही. तो असता तर ग्राहकाने दहा टक्क्यांवरून इतकी कुरकुर केली नसती, कारण ज्याने आपल्याला वाढले त्याला चार पैसे मिळावेत असे बहुतेक माणसांना वाटतेच.

शिवाय टक्केवारीची ही पद्धतच मला मुळात चुकीची वाटते, आणि इथून मी बिलाच्या वाटणीकडे येतो, कारण हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर उभे राहतात.

परमिट रूममधले एक टेबल घ्या. चार मित्र बसले आहेत, त्यांच्यातला एक पीत नाही. जेवणाचे 2,000 रुपये झाले, मद्याचे 1,600. जेवणावर 5 टक्के जीएसटी म्हणजे 100 रुपये. मद्य जीएसटीत येत नाही, त्याच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, आणि परमिट रूमसाठीचा तो दर नोव्हेंबर 2023 मध्ये 5 वरून 10 टक्क्यांवर गेला, ज्याविरुद्ध आपणच आंदोलने केलीत. त्या दराने 160 रुपये धरले तर एकूण बिल 3,860 होते. सरळ चार भाग केले की प्रत्येकी 965 येतात. आता जेवण चौघांनी सारखे खाल्ले असे धरून नीट हिशेब करू. न पिणाऱ्याच्या वाट्याला जेवणाचे 500 आणि जीएसटीचे 25 असे 525 रुपये येतात. पिणाऱ्या तिघांना त्याच 525 मध्ये मद्य आणि व्हॅट मिळून 587 रुपये घालावे लागतात, म्हणजे प्रत्येकी जवळपास 1,112. समान वाटणीत न पिणारा 440 रुपये जास्त भरतो, आणि बहुतेक वेळा काही न बोलता भरतो. त्यातले 40 रुपये तर त्याने न घेतलेल्या मद्यावरचा राज्याचा कर असतो.

मित्रांमध्ये इतके मोजायचे का, असे कोणी म्हणेल. ज्याला 440 रुपयांनी फरक पडत नाही त्याने मोजू नये. पण पुण्यात रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा शिकणाऱ्या मुलांचे घोळके हॉटेलांत येतात, आणि त्या घोळक्यात एखादा मुलगा किंवा मुलगी भूक असूनही साधा डोसा मागवते, कारण महिन्याचे किती पैसे उरले आहेत हे तिला ठाऊक असते. इतरांनी पनीर आणि स्टार्टर मागवलेले असतात. शेवटी एकच बिल येते, कोणीतरी मोबाइलवर भागाकार करतो, आणि डोसा खाणारीच्या नावावर डोशाच्या तिप्पट रक्कम निघते. ती पुढच्या रविवारी येत नाही, काहीतरी कारण सांगते. हा तिच्या मित्रांचा निष्काळजीपणा आहे हे खरे, पण गल्ल्यावर "एका टेबलाला एकच बिल मिळेल" अशी पाटी लावून आपण तो निष्काळजीपणा सोपा करतो.

पाटी का लागते हे मला माहीत आहे. गर्दीच्या वेळी कॅशियरकडे वेळ नसतो, वेगळी बिले करताना चुका होतात, एखादा पदार्थ कोणाच्याच बिलात येत नाही आणि तो तोटा वेटरच्या माथी मारला जातो. पण उपाय कठीण नाही. वेटर केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, लिहितो तेव्हा टेबल क्रमांक टाकतोच, त्याच्यापुढे खुर्चीचा क्रमांक टाकायचा. एवढे झाले की पदार्थनिहाय बिल वेगळे करण्याची सोय बिलिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असते. ती वापरायला कॅशियरला कोणी शिकवलेले नसते, इतकेच. मधोमध ठेवलेले, सगळ्यांनी खाल्लेले पदार्थ समान भागांत टाकावेत आणि ज्याचे त्याने मागवलेले त्याच्या बिलात. कर त्या त्या पदार्थासोबत जाईल. सवलत असेल तर तीही रकमेच्या प्रमाणात सर्वांना मिळावी, ज्याच्या मोबाइलमधल्या ॲपवर सवलत निघाली त्यालाच नाही. बिले वेगळी केल्याने हॉटेलचा एक रुपयाही कमी होत नाही, फार तर पूर्णांकात काही पैशांचा फरक पडतो.

मात्र टीपची वाटणी याच नियमाने करू नये, असे माझे ठाम मत आहे. पदार्थाची किंमत त्याच्या कच्च्या मालावर, जागेच्या भाड्यावर आणि मालकाच्या नफ्यावर ठरते. वेटरचे श्रम यांतल्या कशावरही ठरत नाहीत. सुरमईची थाळी आणि साधा डोसा टेबलापर्यंत आणायला त्याला तितकीच पावले चालावी लागतात, पाणी सर्वांनाच सारखे द्यावे लागते, सांडलेले सर्वांचेच पुसावे लागते. म्हणून बिल ज्याचे त्याचे असावे आणि टीप डोईमागे सारखी असावी. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याला या पद्धतीने अन्याय होणार नाही, कारण डोईमागे दहा-वीस रुपये ही रक्कम बहुतेक टेबलांना झेपते, आणि कोणाला तेवढीही झेपत नसेल तर टीप ऐच्छिक आहेच. टक्केवारीने टीप ठरवली की उडुपी हॉटेलात दिवसभर धावणाऱ्या माणसाला पाच रुपये मिळतात आणि महागड्या हॉटेलात एक वाइनची बाटली उघडणाऱ्याला पाचशे. श्रमाच्या दृष्टीने याचे समर्थन मला करता येत नाही.

आता आतल्या बाजूविषयी, ज्याच्याबद्दल ग्राहक सहसा विचारच करत नाही. टीप वेटरला दिली जाते, पण जेवण चांगले लागले ते कढईवरच्या मास्टरमुळे आणि तंदूरवर उन्हाळ्यात उभ्या असलेल्या माणसामुळे. ताट स्वच्छ होते ते मोरीवर सकाळपासून हात पाण्यात घालून बसलेल्या मावशींमुळे. त्या मावशींच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी साबणाच्या पाण्याने पांढरी पडून सोललेली असते, आणि आपण त्यांना कधी टीप दिली आहे असे क्वचितच कोणाला आठवेल. ज्या हॉटेलांत टीपचा सामायिक डबा आहे तिथेही तो बहुतेकदा बाहेर टेबलांवर काम करणाऱ्यांपुरताच असतो. माझ्या मते टीपचा निम्म्याहून थोडा अधिक भाग ज्यांनी टेबलावर सेवा दिली त्यांना जावा आणि उरलेला स्वयंपाकघर, मोरी आणि हेल्परांमध्ये वाटला जावा. नेमके प्रमाण त्या हॉटेलातल्या कामगारांनी एकत्र बसून ठरवावे. मालकाचा आणि पगारदार मॅनेजरचा त्यात वाटा नसावा. फुटलेला ग्लास, पैसे न देता पळालेला ग्राहक, केओटीतली चूक, यांची भरपाई टीपच्या पैशातून कापण्याची जी रीत काही ठिकाणी आहे ती तर ताबडतोब बंद व्हावी. पगारातून नुकसानभरपाई कापायची असली तरी आधी कामगाराला म्हणणे मांडू द्यावे लागते, असे कायदा सांगतो. मग जो पैसा मालकाचा कधी नव्हताच, त्यातून कोणाला न विचारता कापणे कसे चालेल?

हे सारे व्यवहारात आणता येते याचा पुरावा हवा असेल तर ब्रिटनकडे पाहावे. तिथे टीपच्या वाटपाविषयी 2023 साली स्वतंत्र कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून तो इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये लागू झाला. मालकाच्या हाती आलेली संपूर्ण टीप, कायद्याने लागणाऱ्या कराखेरीज काहीही न कापता, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत कामगारांना द्यावी लागते. वाटपाचे धोरण लेखी असावे लागते आणि तीन वर्षांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. उलट अमेरिकेत टीप मिळणाऱ्या कामगाराचे केंद्रीय किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर अडकून पडले आहे, कारण बाकीचे ग्राहकाच्या टीपमधून भागेल असे कायद्यानेच धरले आहे. आपल्याकडे टीप धरून किमान वेतन पुरे करण्याची मुभा नाही, ही मोठी चांगली गोष्ट आहे. "टीप मिळतेच की" असे म्हणून पगार खाली ठेवणारे काही सभासद आपल्या संघटनांमध्येही आहेत, हे आपणही जाणता. त्यांना संघटनेनेच समज द्यावी, कारण त्यांच्यामुळे प्रामाणिक मालक स्पर्धेत मागे पडतो.

आपल्याला कोणी म्हणेल की सरकारने कायदा केला की बघू. मला वाटते संघटनेने आधी हलावे. मालकावर यात येणारा खर्च फार नाही. टीपसाठी दुसरे चालू खाते आणि त्याचा वेगळा क्यूआर कोड, गल्ल्यावर बिलाच्या कोडशेजारी, ठळक अक्षरांत "ही टीप कामगारांसाठी" असे लिहून. मालकाच्याच कोडवर जादा रक्कम आली तर त्याच दिवशी ती त्या खात्यात वळती करायची. दर सोमवारी वाटप आणि नोंदवहीत प्रत्येकाची सही. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा आणि त्याच्या भाषेत वाचून दाखवणारा एक सहकारी, कारण आज आपल्या हॉटेलांतल्या कित्येक कामगारांना मराठी वाचता येत नाही. काम सोडून गेलेल्या माणसाचा त्या आठवड्याचा वाटा त्याच्या खात्यावर पाठवायचा. नेमका हाच वाटा सर्वांत जास्त बुडतो, कारण सणाला गावी गेलेला मुलगा परत येईलच असे नसते आणि त्याच्या वतीने मागायला कोणी नसते.

माझी आपणांस विनंती आहे की आपल्या संघटनेच्या पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आणि सभेला प्रत्येक भागातून निदान दोन वेटर, एक आचारी आणि मोरीवर काम करणारी एक महिला यांना बोलण्यासाठी बोलवावे. टीपच्या नोंदवहीचा नमुना, वाटपाच्या नियमांचा मसुदा आणि खुर्चीच्या क्रमांकासह केओटीचा नमुना मी तयार करून ठेवला आहे. ज्या संघटनेला तो हवा असेल तिला तो विनामूल्य देईन, आणि पहिले तीन महिने कोणत्याही सभासदाच्या हॉटेलात बसून नोंदी कशा ठेवायच्या हे त्यांच्या कॅशियरला शिकवीन.

कळावे,
आपला नम्र,
हॉटेल व्यवसायातील एक हिशेबनीस, पुणे